शरीराच्या आतले तापमान प्रकाशाने कसे मोजता येईल?

कपाळासमोर धरलेली थर्मल गन फक्त त्वचेचे तापमान सांगते. त्वचेखालची गाठ किती तापली आहे, हे तिला कळत नाही. कर्करोगाच्या हायपरथर्मिया उपचारात मात्र नेमके तेच कळावे लागते. या उपचारात गाठ सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. उष्णता कमी पडली तर परिणाम होत नाही, जास्त झाली तर शेजारच्या निरोगी पेशी भाजतात. त्यासाठी अनेकदा गाठीत बारीक तापमापक सुई घालावी लागते. ही टोचणी टाळण्यासाठी प्रकाश देणाऱ्या नॅनोकणांवर संशोधन सुरू आहे.

प्रकाश शरीरातून जातो कसा?
अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवले की ते लाल दिसते. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेते, लाल बराचसा पार होतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश त्याहूनही खोल जातो.

कण तापमान कसे सांगतात?
निओडिमियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या कणांवर ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर सोडला की ते ८८०, १०६० आणि १३४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात. निओडिमियममध्ये अगदी जवळजवळच्या दोन ऊर्जापातळ्या असतात. तापमान वाढले की वरच्या पातळीतून येणाऱ्या प्रकाशाचा वाटा वाढतो. दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर काढले की तापमान कळते. कण कमी असोत वा जास्त, गुणोत्तर सहसा तेच राहते.

मग अडचण कुठे आहे?
बाहेर येताना प्रकाशाला रक्त, चरबी आणि पाणी यांतून यावे लागते. हे घटक प्रत्येक तरंगलांबी सारखी शोषत नाहीत. त्यामुळे तापमान तेवढेच असूनही गुणोत्तर बदलू शकते आणि आकडा चुकू शकतो. उपचारात एकदोन अंशांची चूकही महागात पडते.

यावर एक उपाय म्हणजे प्रकाशाची तीव्रता न मोजता, लेसर बंद केल्यावर कणांची चमक किती वेळ टिकते ते मोजणे. काही कणांत तापमान वाढले की हा वेळ कमी होतो. वाटेत थोडा प्रकाश शोषला गेला तरी चमक विझण्याचा वेग बदलत नाही.

हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चालते. रुग्णांपर्यंत पोचण्याआधी हे कण शरीराला अपाय करत नाहीत आणि काम झाल्यावर बाहेर पडतात, हेही सिद्ध व्हावे लागेल.