मुंबईच्या क्षितिजावर कधीच न येणारा तारा

आमच्या दिंडोशीतून रात्री काय दिसतं? चंद्र, गुरू, आणि उतरणारी विमानं. पण आज ज्या ताऱ्याची गोष्ट सांगतोय, तो शहरातले सगळे दिवे घालवले तरी दिसणार नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे उणे ७१ अंशांच्या पलीकडचा कुठलाही तारा आपल्या क्षितिजावर येतच नाही. हा तारा उणे ७४ अंशांवर आहे. त्याचं नाव आरएक्स जे०२०९.६-७४२७. घाबरू नका, नाव म्हणजेच पत्ता आहे. 'आरएक्स' म्हणजे रोसॅट उपग्रहाने टिपलेला क्ष-किरण स्रोत. विषुवांश २ तास ९.६ मिनिटे, क्रांती उणे ७४ अंश २७ कला.

आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका म्हणजे मॅगेलनचे मेघ. त्यांच्यामध्ये वायू आणि ताऱ्यांचा एक पूल आहे आणि हा तारा त्या पुलावर आहे. तारा म्हटलं तरी खरं तर ही जोडी आहे: एक तापलेला मोठा तारा आणि एक न्यूट्रॉन तारा. मोठ्या ताऱ्याभोवतीचा वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळला, की तो लक्षावधी अंशांना तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात.

मात्र वातावरण क्ष-किरण शोषून घेतं. म्हणून हा इतिहास वर चढण्याचा आहे. १९६२ साली अमेरिकन रॉकेटने सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत शोधला. १९६८ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) हैदराबादहून फुगा सोडून त्याच स्रोताचे क्ष-किरण मोजले. त्या गटात तरुण पी. सी. अग्रवाल होते. १९७५ च्या आर्यभटवरही क्ष-किरण उपकरण होतं, पण वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे प्रयोग काही दिवसांतच थांबले. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ वर पुन्हा प्रयत्न झाला. शेवटी २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट गेला. त्यावरचं एलएएक्सपीसी हे उपकरण टीआयएफआरमध्ये बनलं: झेनॉन वायू भरलेले तीन मोठे शोधक. ते चित्र काढत नाहीत, फक्त येणारे फोटॉन मोजतात, पण अगदी बारीक वेळेच्या हिशोबाने.

आता अडचण बघा. २०१८ मध्ये एक शोधक वायुगळतीमुळे बंद करावा लागला, दुसरा विचित्र वागू लागला. भरवशाचा उरला एकच. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आपला तारा भडकला, १९९३ नंतर पहिल्यांदा! ही संधी गेली असती, तर पुढची कधी येईल कुणास ठाऊक.

अ‍ॅस्ट्रोसॅट तिकडे वळवला गेला. अमेरिकेच्या नायसर दुर्बिणीला ९.२९ सेकंदांचे स्पंद सापडले होते. अ‍ॅस्ट्रोसॅटने ते जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांतही मोजले. तेजस्विता इतकी, की न्यूट्रॉन ताऱ्याची नेहमीची कमाल मर्यादा ओलांडली गेली असावी. २०२० च्या शोधनिबंधाच्या लेखकांत अमरदेव चंद्रा, पुण्याच्या आयुकातल्या जयश्री रॉय आणि तेच पी. सी. अग्रवाल आहेत. १९६८ ते २०२०!

निबंधाच्या शीर्षकात या ताऱ्याला 'अतितेजस्वी स्पंदक' म्हटलंय, पण शेवटी प्रश्नचिन्ह आहे. का? आपण मोजतो फोटॉन. तेजस्विता काढायला अंतर धरावं लागतं, आणि प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो असंही मानावं लागतं. ही गृहीतकं जितकी पक्की, तितकाच निष्कर्ष पक्का. संशोधनात असं प्रश्नचिन्ह टाकता येणं, हे मला उत्तराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. १९९३ चा भडका रोसॅटच्या नोंदींमध्ये होता, पण त्यावरचा निबंध आला २००५ मध्ये, कुणीतरी जुना डेटा नीट चाळला तेव्हा. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदीही इस्रोच्या संग्रहात खुल्या आहेत. दुर्बीण नाही, आकाश दिसत नाही, या सबबी आता चालणार नाहीत. लॅपटॉप उघडा आणि एखादा स्रोत निवडा.