मुळशीचे पाणी आणि कायद्याचे कलम

पाण्याच्या विजेस कोळसा लागत नाही, धूरही होत नाही, म्हणून तिची स्तुती आमचे लेखक अगत्याने करतात. त्या पाण्याखाली कोणाचे शेत गेले, हा प्रश्न मात्र मुळशी पेट्यातील मावळ्यांनी १९२१ सालीच विचारला होता. त्या वर्षी रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिलला, निळा-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीच्या धरणाच्या कामापाशी ते जाऊन बसले. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी.

येथे कायदा नीट पाहिला पाहिजे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या सातव्या भागान्वये सरकारला खासगी कंपनीसाठी जमीन घेता येत असे. काम लोकोपयोगी आहे अशी सरकारची खात्री झाली की पुरे. मोबदल्याच्या आकड्याविषयी शेतकऱ्याने वाटेल तितके भांडावे. ‘जमीनच घेऊ नका’ असे म्हणावयास त्याला कलम नव्हते. हरकत ऐकून घेण्याचे ५-अ कलम कायद्यात शिरले ते १९२३ साली, मुळशीचा लढा चालू असताना!

त्यातही मोबदला मालकाचा. पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांची मालकी वा बोजा होता. त्यांना जमीन आणि रोकड सारखीच. कसणाऱ्याला तसे नव्हते. सावकार कंपनीकडे वळले तेव्हाच लढ्याची कंबर मोडली, असे आमचे मत आहे. १९२४ साली बापटांनी धरणाची रेल्वे अडविली व ते दीर्घ तुरुंगवासास गेले. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले, आणि पूर्वेस वाहणारे पाणी कोकणात उतरले.

२०१३ च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक केली. जमिनीवर पोट असणारी कुळे व मजूरही बाधितांत धरले. पण सौरविजेसाठी जमीन पुष्कळदा भाडेपट्ट्याने घेतली जाते. ते संपादन नव्हे. मग संमतीचे कलमही लागू नाही.

देवाचे काय, हे आमच्या गोव्यातील वाचकांनी कुर्डीत पाहिले आहे. साळावली धरण विजेसाठी नव्हे, पाण्यासाठी. पण गाव बुडाले ते बुडालेच, १९८६ साली. तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून अन्यत्र पुन्हा रचले. मोबदल्याच्या हिशेबात पालखीच्या वाटेला व मानकऱ्यांच्या मानाला रकाना नसतो. सोमेश्वराचे देऊळ मूळ जागीच राहिले. मे महिन्यात पाणी ओसरले म्हणजे विखुरलेले कुर्डीकर अजूनही तेथे उत्सवाला जमतात.