आंब्याचे लग्न आणि फुलांचे प्रदर्शन

ख्रिस्ती लोकांचा ईस्टर आणि आपला चैत्र यांचे नाते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नाताळाला ठरलेली तारीख आहे, ईस्टरला नाही. वसंतसंपात २१ मार्चला धरावयाचा, त्या दिवशी अगर त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्यामागून येणारा रविवार तो ईस्टरचा, असा चर्चचा नियम आहे. त्यामुळे हा सण २२ मार्च आणि २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगावयाचे, तर तो कधी होळीच्या पौर्णिमेमागून येतो आणि बहुधा चैत्री पौर्णिमेमागून. ज्या सणाची तिथी चंद्र पाहून ठरते, तो सण आपल्याला फारसा परका वाटू नये.

इंग्लंडात या सुमारास लांब हिवाळा सरलेला असतो. गवतातून प्रिमरोझ आणि डॅफोडिल वर येतात, देवळे फुलांनी सजतात, आणि एखाद्या खेड्यात शाळेच्या दालनात लांब मेजे मांडून गावकरी आपापल्या परसातली फुले प्रदर्शनात ठेवतात. सर्वांत उत्तम फुलाला बक्षीस मिळते. या प्रदर्शनांचा जन्म सरदारांच्या बागांत झाला असेल अशी आपली समजूत असते. परंतु इतिहास निराळे सांगतो. अठराव्या शतकात इंग्लंडात 'फ्लोरिस्ट' हा शब्द फुले विकणाऱ्याला लावीत नसत. फुलाची एखादी जात वाढवून ती निर्दोष करण्याचा ज्याला छंद असे, तो फ्लोरिस्ट. हे छांदिष्ट पुष्कळदा विणकर आणि कारागीर असत. घरातच माग असल्यामुळे दिवसातून दहा वेळा उठून कुंडीकडे पाहण्याची त्यांना सोय होती. खाणावळीत जमावे, बरोबर भोजन करावे, ऑरिक्युला किंवा ट्यूलिप मेजावर मांडावी आणि विजेत्याने तांब्याची किटली घरी न्यावी, अशी त्यांची पद्धत होती. पुढे १८०४ मध्ये लंडनला बागकामाची मोठी संस्था निघाली, आणि मग हा छंद प्रतिष्ठित झाला.

हिंदुस्थानात ही पद्धत रुजविणाऱ्यांत जे नाव अग्रभागी येते, ते मराठी माणसाला ठाऊक असलेच पाहिजे. विल्यम कॅरी हा विणकराचा मुलगा. स्वतः तो मोच्याचे काम शिकला होता. १७९३ मध्ये तो मिशनरी म्हणून बंगालमध्ये आला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याने मराठी शिकविली, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. या कामात वैजनाथ पंडितांचे त्याला मोठे साह्य झाले. याच कॅरीने श्रीरामपूर येथे मोठी बाग केली आणि १८२० मध्ये कलकत्त्यास कृषि-उद्यानविषयक संस्था स्थापन केली. इंग्लंडहून आलेली बियांची थैली रिकामी झाल्यावर त्याने ती सावलीच्या जागी मातीवर झटकली. काही दिवसांनी त्या मातीतून मायदेशातल्या कुरणांवरचे साधे डेझीचे फूल उगवले. बंगालच्या उन्हात ते रोप टिकेना, म्हणून तो दर वर्षी त्याचे बी धरून नवे रोप करी. ही गोष्ट त्याने पत्रातून कळविली, तेव्हा तिकडच्या एका कवीने त्यावर कविता रचली. परदेशी माणसाच्या मनात आपल्या मुलखातले एक क्षुद्र फूल किती जागा अडविते, हे यावरून दिसते.

पुढे मुंबई इलाख्यासाठीही अशी संस्था निघाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन तिच्याच व्यवस्थेखाली आहे. तेथले पुष्पप्रदर्शन मात्र ईस्टरला भरत नाही, जानेवारीत भरते. याचे कारण हवामानात आहे. फ्लॉक्स, पॅन्सी, पिटुनिया, स्वीट पी ही विलायती फुले आपल्याकडे पावसाळा संपता संपता पेरावी लागतात. थंडीत ती बहरतात आणि मार्च सरता सरता वाळून जातात. म्हणजे इंग्लंडात ज्या सणाला फुलांचा आरंभ होतो, त्याच सणाला आपल्या मैदानी मुलखात त्या फुलांचा शेवट होतो.

परंतु त्या फुलांचा शेवट म्हणजे सगळ्या फुलांचा शेवट नव्हे. जबलपूरच्या आसपास ईस्टरच्या सुमारास कोणी फिरावयास निघाला तर त्याला काय दिसेल? पळसाचा भर ओसरू लागलेला असतो. त्याची उरलीसुरली केशरी फुले पानावाचूनच्या फांद्यांवर असतात. सावरीची लाल फुले गळून गेलेली असतात. मोहाची टपोरी, फिकट फुले पहाटे टपटप खाली पडतात आणि उजाडायच्या आत बायकामुले टोपल्या घेऊन ती वेचावयास येतात. कारण मोहाचे फूल हे शोभेचे फूल नव्हे, ते गोंड कुटुंबाचे अन्न आहे. आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या धरलेल्या असतात. या फुलांना कोणी मेजावर मांडीत नाही. मग आपल्या लोकांना फुलझाडांचे कौतुक नव्हते काय? या प्रश्नाचे उत्तर जबलपूरच्याच एका जुन्या आमराईत सापडते.

जबलपूरचा तो काळ प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर ताब्यात घेतले. लवकरच शहराशेजारी छावणी उभी राहिली. येथील कारभारावर पुढे विल्यम स्लीमन हा अधिकारी आला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून तो सर्वांना माहीत आहे. परंतु लोकांच्या चालीरीती त्यांच्याच तोंडून ऐकण्याची त्याला मोठी हौस होती. १८३५-३६ मध्ये प्रकृतीसाठी रजा घेऊन तो नर्मदेपासून हिमालयापर्यंत गेला आणि त्या प्रवासाचे वर्णन त्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात या आमराईची हकीकत आहे.

छावणी आणि शहर यांच्या दरम्यान बरजोरसिंग नावाच्या वृद्ध गृहस्थाची आमराई होती. या भागात अशी रूढी होती की, आमराई लावणाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने तिचे फळ तोंडात घालू नये; अगोदर तिच्यातील एका आंब्याचे दुसऱ्या झाडाशी, सामान्यतः चिंचेशी, यथाविधी लग्न लावावे, मग फळ चाखावे. बरजोरसिंगाने झाडे लावण्यात, त्यांना पाणी घालण्यात, भिंती आणि पक्क्या विहिरी बांधण्यात एवढा पैसा घातला की लग्नाला काही उरले नाही. १८३३ मध्ये एक झाड फळास आले. मुलांनी आंबे खाल्ले, त्यांची गोडी वाखाणली. म्हाताराम्हातारी मात्र पाहत राहिली. कर्तव्य राहून गेले आणि पुढचा हंगाम आपल्याला दिसलाच नाही तर, ही भीती दोघांच्या मनात शिरली. तेव्हा त्यांनी घरचे सोन्यारुप्याचे दागिने विकले, मिळेल तेवढे कर्ज काढले आणि पुढच्या हंगामापूर्वी लग्न थाटाने लावून दिले. १८३४ च्या जूनमध्ये त्यांनी आपल्या झाडाचा आंबा प्रथम चाखला. योगायोग असा की, डेझीचे बी जपणारा कॅरी त्याच महिन्यात श्रीरामपूरला निवर्तला.

स्लीमन आमराई पाहावयास गेला, तेव्हा किती ब्राह्मण जेवविले असे त्याने विचारले. म्हाताऱ्याने सुस्कारा टाकून दीडशेच म्हणून सांगितले. त्याने नवरदेव असलेला आंबा दाखविला, पण शेजारी वधू दिसेना. चौकशी करता कळले की, आमराईतली एकुलती एक चिंच लग्नाआधीच मेली होती. म्हणून चमेली आणून एका मांडवाखाली दोघांचे लग्न लावले. लग्न झाल्यावर माळ्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि ती सुकून गेली. चमेलीच का, या प्रश्नाला गुलाब सोडल्यास तिच्याइतकी कीर्ती दुसऱ्या कोणाची नाही, असे उत्तर आले. मग गुलाबच का नाही, असे विचारता बरजोरसिंग म्हणाला की, आंब्याचे गुलाबाशी लग्न झालेले कोणी ऐकलेले नाही. चमेलीशी तर नेहमीच होते.

ही हकीकत वाचून हसू येते. मात्र हसून ती सोडून देणे न्यायाचे होणार नाही. आपल्या धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त असे पुण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तलाव, देऊळ, अन्नदान आणि बाग हे पूर्त. विहीर किंवा बाग सिद्ध झाल्यावर तिचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे ती सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून द्यावयाची. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीचा सविस्तर विचार केला आहे. उत्सर्ग झाल्यावर कर्त्याची खाजगी मालकी संपते. तोही चारचौघांतला एक होऊन पाणी पितो, सावलीत बसतो. बरजोरसिंगाच्या आमराईतले लग्न हे मला या उत्सर्गाचेच लोकांनी आपल्यापुरते केलेले रूप वाटते. कन्येचे दान करावयाचे, मग व्याही म्हणून तिच्या घरचे पाणी प्यावयाचे, असाच हा प्रकार. मी लावले म्हणून मी खाईन, असे म्हणण्याचा अधिकार लावणाऱ्याला नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. इंग्रजी प्रदर्शनात मेजावरचे फूल 'माझे' म्हणून मांडले जाते. येथे सबंध बाग 'माझी नव्हे' म्हणून मांडली गेली.

स्लीमनच्याही ध्यानात हे आले होते. लोकांच्या सार्वजनिक वृत्तीवर त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि जबलपूर जिल्ह्याच्या मोठ्या भागातील लोकोपयोगी कामांची मोजदाद दिली. त्यात २,२०० हून अधिक तलाव, २०० हून अधिक पायऱ्यांच्या बावड्या आणि १,५०० हून अधिक बांधीव विहिरी आढळल्या. हा सगळा खर्च करणाऱ्यांना पैशाच्या रूपाने परत काही मिळावयाचे नव्हते. झाडे लावणाऱ्याला जमिनीची शाश्वती द्या, म्हणजे लोक आपण होऊन देश हिरवा करतील, असे त्याचे सांगणे होते. याच्या उलट उदाहरणही सरकारदप्तरी आहे. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. दारूच्या उत्पन्नाकडे नजर ठेवून गरिबाच्या अंगणात पडलेले फूलही सरकारने मोजावयास घेतले. फुलाकडे केवळ महसूल म्हणून पाहिले म्हणजे काय होते, याचा तो नमुना होय.

मराठी घरांना हा विचार परका नाही. ईस्टरच्या आगेमागेच आपली चैत्रगौर बसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यावर असते. तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास होते, मोगऱ्याची फुले येतात, अंगणात चैत्रांगण रेखतात. शेजारणी घरोघर जाऊन आरास पाहतात आणि हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे घेऊन परततात. हेही एक प्रदर्शनच आहे. त्यात परीक्षक नसतो आणि बक्षीस पाहावयास येणारीला मिळते, एवढाच फरक. मराठी बिऱ्हाडे नर्मदाकाठी गेली, तेथेही त्यांनी ही गौर बरोबर नेली.

याचा अर्थ इंग्रजी प्रदर्शन हलके आणि आपली रीत थोर, असा नव्हे. विणकराच्या किटलीमागे एक शिस्त होती. मेजावर फूल मांडावयाचे तर वर्षभर कुंडी विसरून चालत नाही. उन्हात ठेवली की सावलीत, पाणी आज घातले की काल, हे रोज पाहावे लागते. कॅरीची डेझी जगली ती दर वर्षी बी धरल्यामुळे. आणि बरजोरसिंगाची चमेली मेली, ती नेमकी याच एका गोष्टीच्या अभावी. दागिने विकून लग्न झाले, दीडशे पाने उठली. परंतु दुसऱ्या दिवशी घागरभर पाणी घालणे हे कोणाचेच काम राहिले नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. गढ्याच्या परिसरात बावन्न ताल होते असे जबलपूरचे लोक सांगतात. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिच्या मंत्र्याचा, अशी परंपरा आहे. त्यांतील कित्येक आता केवळ वस्त्यांची नावे होऊन राहिले आहेत. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण लक्षावधी रोपांचे मंगल कार्य उरकतो. सरकारी नोकरीत असल्यामुळे अशा समारंभांचे कागद माझ्या हाताखालून जातात. रोपे किती लावली, पाहुणे कोण होते, खर्च काय झाला, याचे रकाने त्यांत असतात. पुढच्या चैत्रात किती जगली, हा रकाना मात्र क्वचित आढळतो.

तो एक रकाना वाढविणे अवघड नाही. लावणाऱ्याने झाडावरचा हक्क सोडावा, हे बरजोरसिंगाकडून घ्यावे. आणि रोज कुंडीकडे पाहावे, हे त्या विणकरांकडून. आपल्या गावी पावसाळ्यात लावलेले रोप येत्या ईस्टरला, म्हणजेच चैत्रात, जाऊन पाहावे. त्याला पालवी असेल तर त्याच्यासारखे पुष्पप्रदर्शन दुसरे नाही. आणि ते सुकत असेल, तर घागर जवळच असेल.