सुरतेचा किल्ला आणि दगडाआडची ओल

सेवानिवृत्तीनंतर चिरंजीवांकडे काही काळ सुरतेस राहण्याचा योग आला. गोमंतकीयांस हे नगर अगदीच परके नव्हे. १५३० साली आंतोनियु द सिल्व्हैर याने ते जाळले. पुढे पोर्तुगीजांच्याच धास्तीने, गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या कारकिर्दीत, खुदावंद खानाने तापीच्या काठी किल्ला उभारला. १५४६ च्या सुमारास तो पूर्ण झाला. १५७३ साली अकबराने वेढा घालून तो जिंकला. १६६४ व १६७० साली शिवछत्रपतींनी नगर लुटले, तरी किल्ला मात्र हाती आला नाही.

या किल्ल्याच्या बांधणीविषयी फारसी तवारिखांत एक लक्षणीय तपशील आढळतो. शेजारशेजारचे दगड लोखंडी आकड्यांनी जखडून फटींत वितळलेले शिसे ओतले होते. त्याने बांधकामास बळकटी आलीच. शिवाय शिशाने वेढलेल्या लोखंडास ओल व हवा सहजी लागत नाही, हाही लाभ झाला.

कतारगाम दरवाज्यानजीक इंग्रज व डच वखारवाल्यांच्या भव्य कबरी आहेत. १६६९ साली निवर्तलेला सर जॉर्ज ऑक्झेंडन तेथे विसावला आहे. १६९१ साली निवर्तलेला डच अधिकारी व्हान ऱ्हेडे हाही सुरतेतच चिरविश्रांती घेत आहे. त्याच्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या वनस्पतिग्रंथास रंग भट, विनायक पंडित व आपु भट या कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले होते, हे आपणांस अभिमानास्पद आहे. या कबरी विटांच्या असून वर चुन्याचा गिलावा आहे. चुना ओल शोषतो आणि ऊन पडताच ती बाहेर टाकतो. तो बिघडला तर डोळ्यांस दिसतो व वेळीच डागडुजी करता येते.

आताच्या दर्शनी दगडी फरश्यांचे तसे नाही. चिरंजीवांच्या इमारतीस बाहेरून सुंदर दगड लावलेला होता. दोन पावसाळ्यांनंतर पश्चिमेकडील खोलीत कपाटामागे कुबट वास येऊ लागला आणि रंगास फोड आले. गवंड्याने बाहेरील सर्व सांधे सिमेंटने बुजविले. ओल उलट वाढली. अखेर एक फरशी उतरविली, तेव्हा मागील गिलावा ओलाचिंब, भिंतीस लोणा लागलेला व आतील लोखंडी खिळा गंजून फुगलेला आढळला. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो व दगडास बाहेर ढकलतो. ती फरशी खाली कोणाच्या मस्तकावर पडली असती, या कल्पनेने आजही अंगावर काटा येतो.

जाणकारांचे सांगणे थोडक्यात असे. दगडाच्या सांध्यांतून, खिडकीच्या कडेने आणि कठड्याच्या माथ्यावरून पाणी आत शिरणारच. म्हणून मूळ भिंतीवर जलरोधक थर द्यावा. दगड व भिंत यांत इंचभर पोकळी ठेवावी. आकडे स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. तळाशी व खिडक्यांच्या वर पाणी निघण्यास बारीक छिद्रे ठेवावीत आणि ती कधीही बुजवू नयेत. दगड जमिनीपासून चार बोटे वर सुरू करावा. कठड्यावरील लादी भिंतीबाहेर काढून तिच्या खालच्या अंगास पाणी गळून पडेल अशी खाच ठेवावी. दरवर्षी पावसाळ्यानंतर फरश्या बोटाने ठोकून पाहाव्यात. पोकळ नाद आला किंवा पांढरा क्षार दिसला, तर तेथे तपास करावा.

सुरतेस वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. गोमंतकात त्याच्या दुपटीहून अधिक. त्यातच आपला जांभा चिरा पाणी पिणारा. अलीकडे अनेक देवालयांच्या जुन्या भिंतींवर ग्रॅनाइट अथवा संगमरवर चढविला जात आहे. त्यामागील भक्तिभाव निर्मळ आहे. परंतु पूर्वजांनी चुन्याने श्वास घेऊ दिलेली भिंत आपण कोंडीत तर नाही ना, हे पाहणे महाजनांचे कर्तव्य आहे. सभेत तसा ठराव आलाच, तर दगडाच्या रंगापूर्वी कंत्राटदारास एकच प्रश्न विचारावा : आत शिरलेले पाणी बाहेर कोठून पडणार? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत चुन्याचा हात देत राहणे हेच श्रेयस्कर, असे या सेवकाचे नम्र मत आहे.