भांड्यांची मांडणी : एक परंपरा

भांडी नजरेत भरतील अशी मांडून विकण्याची बाजारविद्या जुनी असून मराठी माणसाला तिचा परिचय पुण्याच्या तुळशीबागेत होतो. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांचे सुभेदार नारो अप्पाजी खिरे यांनी तेथे राममंदिर उभारले आणि त्याच्या आश्रयाने पुढे जी पेठ वाढली, तिच्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांना मानाचे स्थान लाभले. पुण्याच्याच कसबा पेठेतील तांबट आळीत लाकडी मोगरीने आणि हातोडीने घडलेल्या तांब्याच्या घंगाळावर मठारकामाचे ठोके एकसारख्या ओळींत उमटतात. उजेड पडताच ते लखलखावेत, अशा बेताने जाणता विक्रेता भांडे तिरपे ठेवतो. पातेल्यांची उतरंड मागे, कल्हई दिसावी म्हणून एखादे उताणे आणि मुलांच्या दृष्टीच्या उंचीवर भातुकली, अशा मांडणीपुढे आईवडील सहज थबकतात. ग्राहकाला वस्तू हाताळून पारखू देणारी ही मांडणी म्हणजे व्यापारातील सचोटीच होय आणि म्हणूनच ती जतन करणे हे आपले कर्तव्य आहे.