मुरूम, गिट्टी आणि पाझर तलाव

परदेशात सध्या 'ग्रॅव्हल सायकलिंग' नावाचं एक खूळ जोरात आहे. म्हणजे काय, तर डांबरी रस्ता सोडायचा, जरा जाड टायरची सायकल घ्यायची आणि खडीच्या, मातीच्या आडवाटांनी तळी आणि जंगलं बघत दिवसभर हिंडायचं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ साली अशी २०० मैलांची शर्यत सुरू झाली. इटलीत टस्कनी प्रांतात १९९७ पासून जुन्या सायकलींवरून पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर फिरण्याचा सोहळा भरतो. २०२२ पासून तर या प्रकाराची जागतिक स्पर्धाही होते.

हे सगळं वाचून मला हसू आलं. मंडळी, आमच्या वाशीम जिल्ह्यात हा खेळ आम्ही वर्षानुवर्षं खेळतोय, फक्त त्याला नाव नव्हतं! शाळेत जायचं तर मुरुमाच्या रस्त्याने, शेतात जायचं तर पांदणीने. असो.

गेली काही वर्षं दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून गावी आलो की सायकल काढतो. दिवाळीच का? पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला अशी काही धरते की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, आणि मार्चनंतर ऊन जीव घेतं. पाऊस उघडल्यापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. तलाव भरलेले असतात, तुरी फुललेल्या असतात, आणि बाभळीच्या काट्यांनी होणारे पंक्चर सोडले तर दुसरा कसला त्रास नसतो. पण फिरता फिरता एक प्रश्न मनात घर करून बसला. ही चाकाखालची खडी आली कुठून? आणि प्रत्येक दोन-चार गावांमागे दिसणारे हे छोटे छोटे तलाव कुणी केले?

आधी जमिनीबद्दल थोडं. वाशीम शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. या पठाराची गंमत अशी की ते पाण्याची वाटणी करतं. उत्तरेकडची काटेपूर्णा नदी वाशीमजवळच्या काटा गावाच्या परिसरात उगम पावते आणि पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला जाते. दक्षिणेची पैनगंगा मात्र वर्धा-प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे सायकलवर एखादा चढ चढून पलीकडे उतरलात, की तुम्ही एका समुद्राच्या पाण्यातून दुसऱ्या समुद्राच्या पाण्यात गेलात!

आणि या सगळ्याच्या खाली एकच दगड. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. तो फोडला की गिट्टी, तो कुजला की मुरूम, आणि आणखी झिजला की कपाशीची काळी माती. रस्ता, विहीर आणि शेत ही तिन्ही एकाच दगडाची लेकरं आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वाटा मात्र फार जुन्या आहेत. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री. १९३९ साली इथले ताम्रपट प्रसिद्धीला आले. ते दुसऱ्या विंध्यशक्तीचे, त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षातले. त्यात दान दिलेल्या गावाचा पत्ता सांगताना ते नांदीकडच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गात आहे असं म्हटलंय. इथे 'मार्ग' हा शब्द प्रदेशाच्या विभागासाठी वापरलाय. मला हे फार आवडलं. मुलूख ओळखायचा तो वाटेवरून! आपण आजही 'रिसोड रोडला राहतो' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर कित्येक शतकं या वाटांवर चाकांपेक्षा खूर जास्त चालले. बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणत. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे त्यांचं मोठं श्रद्धास्थान याच जिल्ह्यात आहे. पुढे १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले आणि १८६७ साली भुसावळहून रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेने लदेणी मोडली. पण कापूस स्टेशनापर्यंत न्यायला बैलगाड्या हव्यात, आणि भरलेल्या बैलगाडीला काळी माती चालत नाही, खडीचा रस्ता लागतो. कारंज्यासारख्या कापसाच्या पेठेला पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वेच मिळाली, आपली शकुंतला. बाकी गावांच्या नशिबी खडी.

ही खडी फोडायची कुणी? इतिहास वाचताना इथे थांबायला होतं. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळी कामांचे नियम ठरवले. दुष्काळात फुकट धान्य वाटण्यापेक्षा काम द्यायचं, आणि काम म्हणजे बहुतेक वेळा माती खणणं नाहीतर दगड फोडणं. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाला फार मोठा तडाखा दिला, आणि तेव्हाही माणसं असल्याच कामांवर गेली. रस्त्याच्या कडेला बसून भुकेल्या माणसांनी हातोडीने गिट्टी फोडायची, हे आपल्याकडच्या रस्त्यांच्या इतिहासातलं कायमचं चित्र आहे.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी मोठी आत्या रिसोड तालुक्यात मराठवाड्याच्या शिवेवरच्या गावात दिली होती. मी सायकल घेऊन तिच्याकडे गेलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. सायकलकडे आणि माझ्या हेल्मेटकडे बघून तिने विचारलं, "काहून रे, गिट्टीवरून सायकल चालवाचे पैसे भेटतात का तुले?"

मी म्हणालो, नाही आत्या, उलट शर्यत असली तर आपणच पैसे भरतो.

"आमाले थे फोडाचे भेटत होते," ती म्हणाली, आणि हसली.

१९७२ चा दुष्काळ. झळ सगळ्यात जास्त मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्राला लागली, पण तिचं गाव शिवेवरच, तिथेही कामं निघाली होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. आत्या त्या पन्नास लाखांतली एक. तेव्हा तिचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. सकाळी मस्टरवर नाव, मग दिवसभर हातोडी. फोडलेल्या गिट्टीचा ढीग मुकादम मोजायचा. हिशोब ब्रासवर, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढीग कमी भरला की मजुरी कमी. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून बाया पदर नाकापर्यंत ओढून घ्यायच्या. पोरांना सुकडी मिळायची आणि घरात मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. "भाकर थापली की तुटे," एवढंच तिचं मिलोबद्दलचं मत.

(अमेरिकेची ज्वारी खाऊन फोडलेल्या गिट्टीवरून मी अमेरिकेत नाव मिळालेला खेळ खेळतोय, हे तिला सांगायचं मला काही धाडस झालं नाही.)

या दुष्काळातून महाराष्ट्राने एक गोष्ट मात्र जगावेगळी केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमाराला सांगली जिल्ह्यात विसापूरला एक प्रयोग केला होता, मागेल त्याला काम. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्या शेजारच्या पुसदजवळच्या गहुलीचे. १९७२ साली योजना राज्यभर आली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणं हा हक्क झाला. इंग्रजांच्या दुष्काळी कामात आणि रोजगार हमीत हाच फरक. हातोडी तीच, पण एकीकडे सरकारची मेहेरबानी आणि दुसरीकडे माणसाचा हक्क. २००५ साली देशाचा रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

आणि पैसा कुठून आला? नोकरदार वाचकांनी आपल्या पगाराची स्लिप काढून बघावी. 'व्यवसाय कर' म्हणून जो कापला जातो ना, तो १९७५ साली या योजनेसाठीच सुरू झाला. शहरातल्या माणसाने थोडं द्यायचं आणि खेड्यातल्या माणसाला काम मिळायचं. मी हा कर कितीतरी वर्षं भरतोय. त्याचा आत्याच्या हातोडीशी संबंध आहे हे कळल्यावर तो मला पहिल्यांदाच जवळचा वाटला.

रस्त्यांबरोबर या योजनेने केले ते पाझर तलाव. नावातच सगळं आहे. हे तलाव कालवे काढायला नाहीत, पाणी जिरवायला आहेत. मातीचा बांध घालायचा, ओढ्याचं पाणी अडवायचं आणि ते खालच्या मुरुमात मुरू द्यायचं. मुरूम पाणी धरतो आणि खालच्या अंगाच्या विहिरींना देतो. म्हणून पाझर तलाव उन्हाळ्यात कोरडा दिसला तर लगेच वाया गेला म्हणू नका, ते पाणी विहिरीत गेलेलं असतं. आपल्याकडचे जुने तलाव वेगळे. वाशीमचं पद्मतीर्थ, बालाजी मंदिराजवळचा देव तलाव, कारंज्याचा ऋषी तलाव, यांना देवाचं किंवा ऋषीचं नाव आहे, पुराणात कथा आहे. पाझर तलावाला नाव नसतं. फार तर गावाचं नाव आणि एक क्रमांक.

जंगलाच्या वाटाही सांगायला हव्यात. मालेगावच्या उत्तरेला पठार उतरू लागतं तिथे साग, धावडा, सालई, मोह यांचं पानगळीचं रान लागतं. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरचं काटेपूर्णा अभयारण्य १९८८ चं, चौशिंग्यासाठी प्रसिद्ध. कारंज्याजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य २००० चं. तिथे रान कमी आणि गवत जास्त, आणि काळविटांना तेच हवं असतं. अभयारण्यात अर्थातच परवानगीशिवाय सायकल घालायची नाही. याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही गेलाय, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. ७०१ किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता, वन्यप्राण्यांसाठी खालून-वरून वाटा केलेल्या, पण सायकलला बंदी. म्हणजे हरणाला जागा आहे, मला नाही :-)

आता मूळ मुद्दा. टस्कनीत त्या सोहळ्यामागे पांढरे रस्ते डांबरापासून वाचवण्याचा हेतू होता. आपणही आपले मुरुमाचे रस्ते तसेच ठेवा म्हणायचं का? मला नाही वाटत. ज्या गावात आषाढात बाळंतीण ट्रॅक्टरमध्ये घालून न्यावी लागते, त्या गावाला मजेखातर खडी ठेवा असं सुट्टीला आलेल्या माणसाने सांगू नये. रस्ता डांबरी झाला की आत्याची गिट्टी वाया जात नाही, ती खाली पाया म्हणून राहते. डांबर तिच्याच अंगावर बसतं.

तलावांचं तसं नाही. त्यांच्यात दरवर्षी गाळ बसतो, गाळाने तळ बंद होतो, आणि मग पाणी मुरत नाही, नुसतं वाफ होऊन जातं. गाळ काढून शेतात टाकायची योजना सरकारने २०१७ मध्ये आणली, पण एकदा काढून भागत नाही, पुन्हा पुन्हा काढावा लागतो. नाव नसलेल्या गोष्टीची आठवण ठेवणं अवघड असतं, तसंच तिची डागडुजी करणंही. पद्मतीर्थाच्या घाटाचा दगड निखळला तर चार माणसं बोलतील. क्रमांकाच्या तलावाबद्दल कोण बोलणार?

म्हणून नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुमच्या घरातही बहात्तरच्या कामावर गेलेली कुणी आजी, काकू, मामा असतील. त्यांना विचारा, कुठला रस्ता, कुठला तलाव, कोण कोण होतं. विचारायला आता फार वर्षं उरलेली नाहीत. जे कळेल ते मला कळवा. पुढच्या दिवाळीत मी तिथे सायकलने जाईन, आणि त्या तलावाची गोष्ट त्याच्या क्रमांकासकट, आणि खणणाऱ्यांच्या गावासकट, इथे लिहीन.