पाच टायरांचा हिशेब



या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोहिमा आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आज जरा खाली वाकून गाडीच्या चाकाकडे बघू या. विषय आहे टायर, आणि त्याला चिकटूनच येणारा दुसरा विषय म्हणजे जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च.

तुमच्यापैकी अनेकांच्या दारात दहा-बारा वर्षांची गाडी उभी असेल. मेकॅनिक सांगतो, "साहेब, चारही टायर गेलेत." घरी आल्यावर प्रश्न निघतो, या गाडीवर आता इतके पैसे घालायचे का? इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की बेळगाव, हा संवाद सगळीकडे सारखाच. आपल्याला वाटतं, हा आपला घरगुती प्रश्न आहे. पण १९४२ साली हाच प्रश्न अमेरिकेसारख्या श्रीमंत देशापुढे उभा राहिला होता. त्या देशाने जे उत्तर शोधलं, ते आजही आपल्या कामाचं आहे.

झाडाचा चीक आणि सिंगापूरची पडझड

थोडी पार्श्वभूमी. रबर हा झाडाचा चीक. नुसत्या चिकाचं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधकाबरोबर ते तापवण्याची युक्ती सापडली आणि रबर टिकाऊ झालं. १८८८ साली जॉन बॉइड डनलपने हवा भरलेला टायर चालवून दाखवला. त्याच्या आधीच, १८७६ साली, हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराचं हजारो बी लंडनच्या क्यू उद्यानात पोचवलं होतं. तिथली रोपं सिलोन आणि मलायाला गेली. आपल्याकडे १९०२ साली केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाडला व्यापारी लागवड सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत जगाचं बहुतेक रबर आग्नेय आशियातून येऊ लागलं.

एखाद्या वस्तूचा पुरवठा एकाच कोपऱ्यातून होत असेल, तर शत्रूला तेवढा कोपरा पुरतो. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, आणि पाठोपाठ डच ईस्ट इंडीजही गेलं. मित्रराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा सुमारे नव्वद टक्के पुरवठा काही आठवड्यांत हातचा गेला. उरलं ते मुख्यतः सिलोन आणि आपला दक्षिण भारत.

गाड्या अडीच कोटी, नवा टायर नाही

अमेरिकेत तेव्हा अडीच कोटींहून अधिक मोटारी रस्त्यावर होत्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचं उत्पादन थांबलं, कारण कारखाने लष्करी गाड्या, रणगाडे आणि विमानं बनवायला लागले. म्हणजे त्या दिवसापासून देशातली प्रत्येक मोटार जुनी होत जाणारी मोटार होती. बदलायला दुसरी मिळणार नव्हती.

आता गंमत बघा. त्या युद्धात अमेरिकेने रेशनवर घातलेली पहिली वस्तू कोणती? साखर नव्हे, मांस नव्हे. टायर. जानेवारी १९४२ पासून नवा टायर फक्त डॉक्टर, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, अशा गरजेच्या लोकांनाच मिळू लागला. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून घ्यायलाही परवानगी लागायची. पुढे नियम आला की एका गाडीमागे टायर पाचच, चार चाकांना आणि एक स्टेपनी. जास्तीचे असतील ते सरकारला विकायचे.

त्याच वर्षी बर्नार्ड बारूक यांच्या समितीने रबराच्या प्रश्नावर अहवाल दिला. त्यानंतर देशभर वेगमर्यादा ताशी ३५ मैल झाली, म्हणजे आपल्या हिशेबात ५६ किलोमीटर. १ डिसेंबर १९४२ पासून पेट्रोलचं रेशनिंगही देशभर लागू झालं. पूर्व किनारा सोडला तर पेट्रोलची टंचाई नव्हती. देशाच्या बऱ्याच भागांत ते मुबलक होतं. रेशनिंग लावलं ते लोकांनी गाड्या कमी पळवाव्यात आणि टायर कमी झिजावेत म्हणून. टायरांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची झाली.

दुसऱ्या बाजूला कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले. युद्धाआधी हे उत्पादन नगण्य होतं. १९४४ पर्यंत ते वर्षाला सात लाख टनांच्या पुढे गेलं. पण त्याला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं देश चालला तो आहे त्या टायरांवर, आणि तेही जपून. वेग कमी, हवा बरोबर, फेऱ्या मोजक्या आणि तपासणी वेळेवर. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत.

घाई टायर खाते

आता याच्या उलट उदाहरण, त्याच देशाच्या फौजेचं. जून १९४४ मध्ये मित्रफौजा नॉर्मंडीत उतरल्या. ऑगस्टमध्ये आघाडी इतक्या वेगाने पुढे सरकली की रसद मागे पडली. फ्रान्सची रेल्वे मित्रराष्ट्रांनीच बाँब टाकून मोडली होती. तेव्हा २५ ऑगस्टला ट्रकांची एक साखळी सुरू झाली. तिचं नाव रेड बॉल एक्स्प्रेस. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. एकेका दिवशी जवळपास सहा हजार गाड्यांनी बारा हजार टनांहून अधिक माल वाहिला. १६ नोव्हेंबरपर्यंत चार लाख टनांवर रसद आघाडीला पोचली. पराक्रम म्हणावा असंच काम होतं ते.

पण वाहतूक अधिकाऱ्याच्या नजरेने बघा. अडीच टनांच्या ट्रकवर पाच टनांपर्यंत माल लादला जायचा. वेगमर्यादा ताशी २५ मैल होती, ती कोणी पाळत नव्हतं. रात्रंदिवस चाल, आणि देखभालीला थांबा नाही. वाटेत सैनिकांनी खाऊन फेकलेले रेशनचे पत्र्याचे डबे पडलेले, त्यांच्या कडांनी टायर फाटत होते. सप्टेंबरमध्ये टायर बदलण्याचं प्रमाण उन्हाळ्यातल्या महिन्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट झालं. नादुरुस्त ट्रकांच्या रांगा लागल्या.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. टायर फिरताना त्याची बाजू सतत दबते आणि सुटते. त्यातून उष्णता तयार होते. ओझं जास्त, हवा कमी आणि वेग जास्त, असं तिन्ही एकत्र आलं की उष्णता वाढते, आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फुटतो. खिळा हे पंक्चरचं कारण असतं. फुटण्याचं कारण बहुतेकदा आतली उष्णता असते.

युद्धात अशी उधळपट्टी क्षम्य ठरते. आघाडी थांबली तर माणसं मरतात, म्हणून सेनापती टायर जाळतो. तो हिशेब त्याने जाणूनबुजून केलेला असतो. आपण मात्र हायवेवर चार माणसं, मागे सामान, हवा कमी आणि ताशी १२० असा रेड बॉल कोणत्या आघाडीसाठी चालवतो?

टंचाईने शिकवलेलं कसब आणि लावलेली खोड

आता भारताकडे येऊ. डनलपचा साहागंजचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये सुरू झाला. युद्धकाळात आपल्याकडेही टायर नियंत्रणाखाली आले आणि कोळशाच्या गॅसवर बस धावल्या. स्वातंत्र्यानंतर परवाना राज्य आलं. अॅम्बेसेडर किंवा फियाट नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. त्यामुळे हातात असलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवणं भागच होतं.

त्या काळाचं एक बोलकं उदाहरण मद्रासचं. के. एम. माम्मन मापिल्लई यांनी १९४६ साली फुग्यांचा छोटा धंदा सुरू केला. १९५२ मध्ये ते ट्रेड रबराकडे वळले, म्हणजे झिजलेल्या टायरवर चढवायचा थर. नवे टायर त्यांनी काढले ते १९६० च्या दशकात. आजची एमआरएफ ही मोठी कंपनी जुने टायर पुन्हा चालवण्याच्या धंद्यातून वर आली, हे लक्षात ठेवा.

रिमोल्डिंग हे हलकं काम नव्हे. आधी टायरचा सांगाडा तपासायचा, खरडून सपाट करायचा, रबराचा पट्टा चिकटवायचा आणि उष्णता व दाब देऊन पक्का करायचा. सांगाडा चांगला असेल तर ट्रक-बसचा टायर असा पुन्हा वापरता येतो. जाणते वाहतूकदार रिमोल्ड मागच्या चाकांना लावतात आणि स्टिअरिंगच्या चाकांना नवा ठेवतात. यात काटकसर आहे आणि शिस्तही आहे.

पण त्याच टंचाईने आपल्याला एक खोडही लावली. टायर ही शेवटी बदलायची वस्तू, असं मनात बसलं. नक्षी पुसून टायर गुळगुळीत झाला, आतले धागे दिसू लागले, तरी "अजून एक पावसाळा निघेल" म्हणायचं. टंचाई संपून तीस वर्षं झाली, तरी खोड गेली नाही. नवं सीटकव्हर आणि भारी म्युझिक सिस्टिम असलेली, पण टायर टकलू झालेली गाडी तुम्हीही पाहिली असेल.

फौजेची रीत

भारतीय सैन्यात गाड्यांची दुरुस्ती पाहणारी ईएमई ही कोअर १९४३ साली, म्हणजे याच रबर-टंचाईच्या काळात उभी राहिली. जबलपूरला १९५९ पासून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला आणि १९९६ पर्यंत तयार होत राहिला. हिमालयापासून वाळवंटापर्यंत त्याने फौजेचं ओझं वाहिलं. इतकी वर्षं एक गाडी सेवेत राहते, ती चालकाच्या रोजच्या सवयीमुळे. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. प्रत्येक वेळी टायरची हवा, नट, तेल, पाणी बघायचं. मी पाहिलेल्या युनिटांमध्ये यातून कोणाचीही सुटका नव्हती.

आणि दुसरी रीत. गाडी वर्कशॉपमध्ये गेली की खर्चाचा अंदाज आधी निघतो, पाना नंतर फिरतो. दुरुस्ती परवडण्याच्या पलीकडे गेली असेल तर तसा शेरा मारून गाडी बाद होते. त्या शेऱ्यात गाडीवरच्या मायेला जागा नसते, आणि कंटाळ्यालाही नसते.

आपल्या दारातल्या गाडीसाठी

घरच्या गाडीला हे लावायचं कसं? सगळ्यात आधी ठरवा, ही गाडी अजून किती वर्षं ठेवायची. नोंदणीची पंधरा वर्षं कधी संपतात ते पुस्तिकेत बघा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारींच्या पुनर्नोंदणीचं शुल्क बरंच वाढलं. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. तिथल्या मंडळींनी आधी नियम बघावा, मग टायर.

मग तुलना बरोबर करा. "गाडीची किंमतच दीड लाख, तिला वीस हजारांचे टायर?" हा नेहमीचा सवाल. पण गाडी विकायची नसेल तर त्या दीड लाखाचा इथे संबंध नाही. समजा, वीस हजारांचे टायर चाळीस हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला पन्नास पैसे. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवलं तर वर्षाचे चार हजार. त्यात बाकीची दुरुस्ती मिळवा आणि तो आकडा नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशेजारी ठेवा. निर्णय त्या दोन आकड्यांत आहे. एकच वर्ष ठेवायची असेल, तर हिशेब उलटा फिरतो; तेव्हा गुळगुळीत टायरवर ते वर्ष काढण्यापेक्षा गाडी आत्ताच विकावी.

खर्चाच्या तीन याद्या करा. पहिल्या यादीत जिवाशी संबंध असलेलं: टायर, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन. दुसरीत गाडी वाटेत बंद पाडणारं: बॅटरी, बेल्ट, रेडिएटर, क्लच. तिसरीत दिसण्याचं: रंग, डेंट, सीट. पहिली यादी पूर्ण झाल्याशिवाय तिसरीला हात लावायचा नाही. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाका, म्हणजे मेकॅनिकचं बिल हा धक्का वाटणार नाही.

टायर घेताना बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात चार वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका. रबर न चालताही म्हातारं होतं. नक्षीच्या खाचेत झिजेची खूण असते. नक्षी १.६ मिलिमीटरवर येऊन त्या खुणेला टेकली की टायर संपला. मोटारीचे दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी सावरणं फार कठीण जातं. आणि टायर असमान झिजला असेल, तर नवा घालण्याआधी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर तोही तसाच झिजेल.

१९४२ च्या अमेरिकनांकडे पैसे होते, पण टायर नव्हते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात टायर आहेत. त्यांच्यावर सरकारने सक्ती केली म्हणून त्यांनी पाच टायर मोजून जपले. आपल्यावर सक्ती नाही, म्हणून मोजायची जबाबदारी आपली आपणच घ्यायची आहे. हा भाग वाचून झाला की खाली जा आणि पाचही टायर बघून या. स्टेपनीसुद्धा, कारण तिच्यात हवा आहे का हे आपल्याला बहुधा आडवाटेवर, रात्री, भर पावसातच कळतं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.